अपराध्याचे मागणीपत्र

तुरुंगातील अन्यायावरचा चित्रपट पाहताना प्रेक्षक आपली सहानुभूती सहसा एका अटीवर देतो. ज्याच्यावर अन्याय होतो आहे तो मुळात निर्दोष असावा, निदान त्याचा अपराध क्षम्य कोटीतला असावा, ही ती अट. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ (१९९४) हा आमच्या विद्यार्थ्यांचा अत्यंत लाडका चित्रपट. त्याच्या लोकप्रियतेची जी अनेक कारणे आहेत, त्यांतले एक असे की त्याचा नायक अँडी याने खून केलेलाच नाही. त्यात रेडसारखी खरोखर अपराधी असलेली पात्रे आहेत हे खरे. पण कथेचा कणा अँडीच्या निर्दोषपणावर उभा आहे. त्यामुळे तुरुंगाचे क्रौर्य हे चुकीच्या माणसाच्या वाट्याला आलेले क्रौर्य ठरते. ते ‘योग्य’ माणसाच्या वाट्याला आले असते तर ते क्रौर्य राहिले असते काय, या प्रश्नापाशी थांबण्याची प्रेक्षकाला गरजच पडत नाही.

माझ्या मते तुरुंगपटाची खरी कसोटी हा प्रश्न आहे. आणि या कसोटीला संपूर्णपणे उतरलेला चित्रपट बराच जुना, बराच स्वस्तात काढलेला आणि आपल्याकडे फारसा न पाहिला गेलेला आहे. डॉन सीगल यांचा ‘रायट इन सेल ब्लॉक ११’ (१९५४). साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे त्याची बाजू मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू. मात्र त्याचे वेगळेपण कळण्यासाठी त्याच्या दोन पूर्वसुरींकडे आधी पाहिले पाहिजे.

पहिला ‘द बिग हाउस’ (१९३०). जॉर्ज हिल दिग्दर्शित या चित्रपटाची पटकथा फ्रान्सिस मॅरियन या लेखिकेची होती, आणि तिच्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. लेखनासाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तपशिलासाठी त्या कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात जाऊन आल्या होत्या. १९२९ साली न्यूयॉर्क राज्यातील डॅनेमोरा आणि ऑबर्न, तसेच कॅन्ससमधील लेव्हनवर्थ, अशा तुरुंगांत एकामागून एक उठाव झाले होते. त्याची धग या पटकथेत आहे. अठराशे कैद्यांसाठी बांधलेल्या तुरुंगात तीन हजार माणसे कोंबली आहेत, हे चित्रपटात आकड्यांनिशी सांगितले जाते. दारूच्या नशेत मोटार चालवून माणूस मारलेला कोवळा केंट एका खुन्याबरोबर आणि एका दरोडेखोराबरोबर एकाच कोठडीत ठेवला जातो, आणि तुरुंगच त्याचा नाश करतो. निदान अचूक आहे. तरीही शेवटी रणगाडे आत शिरतात, बुच मरतो, आणि सुधारलेल्या मॉर्गनला मुक्तता मिळते. उठावाने काय मागितले होते? काहीच नाही. त्या कैद्यांना फक्त बाहेर पडायचे होते. मागणीचा शब्द या चित्रपटाला अजून सुचलेला नाही.

दुसरा ‘ब्रूट फोर्स’ (१९४७), दिग्दर्शक ज्युल्स डॅसिन. कलाकृती म्हणून हा या तिघांत सर्वांत देखणा. विल्यम डॅनियल्स यांचे छायाचित्रण, मिक्लोश रोझा यांचे संगीत, बर्ट लँकेस्टरचा दात-ओठ आवळलेला जो कॉलिन्स, आणि ह्यूम क्रोनिनने उभा केलेला कॅप्टन मन्सी. हा मन्सी विसरता येत नाही. आवाज मृदू, गणवेश कडक इस्त्रीचा, वागणे अदबशीर. ग्रामोफोनवर वाग्नर लावून तो एका बांधलेल्या कैद्याला रबरी नळीने मारतो. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. वाग्नरचे सूर, तो गणवेश आणि ती नळी एकत्र पाहिल्यावर १९४७ च्या प्रेक्षकाला वेगळे काही सांगावे लागत नव्हते.

पण याच ठिकाणी चित्रपटाची मर्यादाही दिसते. मन्सी इतका संपूर्ण दुष्ट आहे की तुरुंगाच्या सर्व व्यवस्थेचे पाप त्याच्या एकट्याच्या अंगावर जमा होते. दुबळा वॉर्डन, वरून दडपण आणणारे अधिकारी, दारूत बुडालेला पण खरे बोलणारा डॉक्टर ही सगळी मंडळी आहेत. पण शेवटी जखमी कॉलिन्स मन्सीला टेहळणी बुरुजावरून खाली खवळलेल्या कैद्यांत फेकतो, आणि प्रेक्षकाचा हिशेब पुरा होतो. दुष्ट मेला, म्हणजे न्याय झाला. दुसऱ्या दिवशी त्या तुरुंगात जेवण कसे असेल, कोठडीत किती माणसे असतील, पॅरोलचे काय होईल, हे प्रश्न त्या बुरुजावरून दिसत नाहीत. त्यात भर म्हणून कोठडीतील चौघांच्या आयुष्यातल्या चार स्त्रिया गतस्मृतींतून आणलेल्या आहेत. या गतस्मृती डॅसिन यांना स्वतःला मान्य नव्हत्या. त्यांचे काम उघड आहे: हे पुरुष प्रेमापोटी, कुटुंबापोटी चुकलेले आहेत, म्हणजे मनाने चांगलेच आहेत, असे प्रमाणपत्र त्यांना मिळवून देणे. पुन्हा तीच अट. सहानुभूती हवी असेल तर चारित्र्याचा दाखला आणा!

आता सीगल यांच्या चित्रपटाकडे येतो.

त्याच्या जन्माची हकीकत ठाऊक असली पाहिजे, कारण ती चित्रपटात मुरलेली आहे. निर्माते वॉल्टर वँगर हे हॉलिवूडमधले वजनदार नाव. डिसेंबर १९५१ मध्ये, पत्नी जोन बेनेट हिचे तिच्या एजंटाशी संबंध आहेत या संशयावरून त्यांनी त्या एजंटावर गोळी झाडली. एजंट बचावला; वँगर यांना शिक्षा झाली आणि त्यांनी चार महिने कैदेत काढले. कैदही तशी सौम्य होती, तुरुंगाच्या शेतावरची. पण तेथून बाहेर पडलेला माणूस अस्वस्थ झालेला होता, आणि तुरुंगावर चित्रपट काढायचाच असे त्याने मनाशी घेतले. त्या सुमारास, १९५२ साली, मिशिगनमधील जॅक्सन येथील तुरुंगात मोठा उठाव झाला. कैद्यांनी पंधरा क्रमांकाचा ब्लॉक ताब्यात घेऊन पहारेकऱ्यांना ओलीस धरले, आणि मागण्या मांडून वाटाघाटी केल्या. त्या वाटाघाटी करणारे उपवॉर्डन व्हर्नन फॉक्स हे मानसशास्त्राचे जाणकार होते; उठाव मिटल्यावर कैद्यांविषयी जाहीरपणे चार बरे शब्द बोलल्याबद्दल त्यांना पद सोडावे लागले. न्यू जर्सीतही त्याच वर्षी उठाव झाले. चित्रपटाची सुरुवात अशाच बातमीपटाच्या तुकड्यांनी होते.

चित्रीकरण कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात झाले. पडद्यावर मागे वावरणारे बहुतेक कैदी खरे कैदी आहेत आणि पहारेकरी खरे पहारेकरी. ‘क्रेझी’ माइक कार्नीची भूमिका करणारा लिओ गॉर्डन स्वतः सशस्त्र दरोड्याबद्दल सॅन क्वेंटिनमध्ये शिक्षा भोगून आलेला होता, त्यामुळे फॉल्समचा वॉर्डन त्याला आत घ्यायलाच नाखूश होता. (पुढे नावारूपाला आलेले सॅम पेकिनपा यांचे चित्रपटातले उमेदवारीचे पहिले काम याच संचात झाले.) या सगळ्याचा परिणाम असा की चित्रपटाला अलंकार उरलेलेच नाहीत. प्रेमकथा नाही, गतस्मृती नाहीत, वाग्नर नाही. एक दगडी इमारत, तिच्यात ओलीस धरलेले पहारेकरी, आणि एक कागद.

तो कागद हाच या चित्रपटाचा नायक आहे असे मी म्हणेन. नेव्हिल ब्रँडने केलेला डन हा बंडाचा पुढारी. त्याला पळून जायचे नाही. त्याची पहिली मागणी काय, तर वार्ताहरांना बोलवा. मग तो मागण्या सांगतो: गर्दी कमी करा, मनोरुग्ण कैद्यांना आमच्यातून वेगळे काढून उपचाराच्या जागी न्या, पहारेकऱ्यांची मारहाण आणि पायांतल्या बेड्या बंद करा, माणसांना काही काम, काही कसब शिकवा, आणि या उठावाबद्दल आमच्यावर सूड उगवू नका. या मागण्यांना नीट शब्दरूप देण्यासाठी ‘कर्नल’ या टोपणनावाचा एक शिकलेला कैदी मदत करतो. त्याला हिंसा पसंत नाही आणि त्याचा पॅरोल जवळ आलेला आहे. लिहिता येणाऱ्या माणसाची ही अडचण साहित्याच्या वर्गात स्वतंत्रपणे बोलण्याजोगी आहे. ज्याच्याकडे भाषा आहे त्याच्याकडे गमावण्यासारखेही काही आहे, आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही त्याला वाक्य जुळवता येत नाही.

डन चांगला माणूस नाही. चित्रपट तसा दावा करीत नाही, आणि त्याने कोणता गुन्हा केला याची करुण हकीकतही सांगत नाही. तो दांडगट आहे, धमक्या देतो, ओलिसांना मारण्याची भाषा करतो. कार्नी तर सरळसरळ धोकादायक आहे. उलट बाजूला वॉर्डन रेनॉल्ड्स हा सज्जन माणूस आहे, आणि याच सुधारणा आपण वर्षानुवर्षे वरच्यांकडे मागत आलो आहोत असे तो सांगतो. म्हणजे गुन्हेगार आणि वॉर्डन एकच गोष्ट मागत आहेत! एकाची मागणी अर्जाच्या नमुन्यात गेली म्हणून फाइलीत पडून राहिली, दुसऱ्याची ओलिसांच्या बळावर पुढे आली म्हणून वर्तमानपत्रात छापली गेली. या समीकरणापुढे मन्सीसारख्या खलनायकाची आवश्यकताच उरत नाही. राजधानीतून आलेला हॅस्केल हा अधिकारी बळाच्या वापराचा आग्रह धरतो, पण तोही राक्षस नव्हे; आपल्या परिचयाचा, कुठल्याही कचेरीत भेटेल असा ताठर माणूस.

आणि मग शेवट. इमारतीची भिंत सुरुंगाने उडवण्याची तयारी होते, तर कैदी ओलिसांना त्याच भिंतीशी बांधतात. गव्हर्नर मागण्यांच्या कागदावर सही करतो. बंड जिंकते. जल्लोष होतो. त्यानंतर काही दिवसांनी वॉर्डन डनला बोलावून सांगतो की विधिमंडळाने ती सही अमान्य केली आहे. डनवर ओलीस धरल्याबद्दल खटला चालेल, आणखी तीस वर्षे लागू शकतील. कार्नीसारख्यांना मात्र मनोरुग्णालयात हलवले आहे. एवढे एक पदरात पडले.

हा शेवट मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा वर्गात कुणीतरी हमखास म्हणते, “सर, मग उपयोग काय झाला?” प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरात थोडा इतिहास आणावा लागतो. १९३४ पासून हॉलिवूडवर प्रॉडक्शन कोडचा अंमल होता आणि त्याचा दंडक असा की पडद्यावर गुन्ह्याचा विजय दिसता कामा नये. तेव्हा बंड सफळ झालेले दाखवणे १९५४ साली शक्यच नव्हते. ‘ब्रूट फोर्स’ने हा दंडक सर्वांना मारून पाळला. सीगल आणि पटकथाकार रिचर्ड कॉलिन्स यांनी तो वेगळ्या रीतीने पाळला: बंड हरते, पण गोळीने हरत नाही, ठरावाने हरते. नीतिरक्षकांचे समाधान झाले, कारण डनला शिक्षा होणार आहे. पण आपण पाहतो ते हे की राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने दिलेला लेखी शब्द राज्य स्वतःच मोडते, आणि मोडताना कायद्याची एकही ओळ ओलांडत नाही. सेन्सॉरच्या बेडीमुळे एखादी कलाकृती अधिक खरी झाल्याची उदाहरणे विरळा. हे त्यांतले एक.

जाता जाता एक अप्रिय तपशील. ‘ब्रूट फोर्स’मध्ये चुगलखोर कैद्याला कारखान्यातल्या यंत्राखाली ढकलले जाते. त्याचे दिग्दर्शक डॅसिन यांचे नाव १९५१ साली अमेरिकन संसदीय समितीपुढे त्यांच्याच व्यवसायबंधूंनी कम्युनिस्ट म्हणून घेतले, आणि त्यांना काम मिळेनासे होऊन युरोप गाठावा लागला. त्याच वर्षी त्याच समितीपुढे साक्ष देऊन इतरांची नावे सांगणाऱ्यांत रिचर्ड कॉलिन्सही होते. सह्या, साक्षी आणि फिरवलेले शब्द यांविषयी इतक्या कोरडेपणाने लिहिणारा माणूस कोठून आला होता, हे यावरून थोडे उलगडते. कलाकृतीचे मूल्य त्याने वाढत वा घटत नाही असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला तसे म्हणवत नाही. पण चित्रपट मी तरीही श्रेष्ठच मानतो.

सीगल यांच्या चित्रपटात जे घडते त्याची कितीतरी भीषण आवृत्ती सतरा वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅटिका येथे घडली. ९ सप्टेंबर १९७१ रोजी सुमारे तेराशे कैद्यांनी तुरुंगाचा मोठा भाग ताब्यात घेतला आणि बेचाळीस जणांना ओलीस धरले. आठवड्याला एक आंघोळ आणि महिन्याला टॉयलेट पेपरचा एक गुंडाळा, हे तेथले मान. कैद्यांनी लेखी मागण्या मांडल्या. राज्याच्या सुधारगृहांचे आयुक्त रसेल ऑस्वाल्ड यांनी त्यांतल्या अठ्ठावीस मान्यही केल्या. घोडे अडले ते मुख्यतः उठावाबद्दलच्या माफीवर. १३ तारखेला गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या आदेशाने पोलीस आत शिरले. त्यांच्या गोळ्यांनी एकोणतीस कैदी आणि दहा ओलीस मेले. ओलिसांचे गळे कैद्यांनी चिरले असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले, वर्तमानपत्रांनी ते छापले, आणि दुसऱ्याच दिवशी शवविच्छेदनात ते खोटे ठरले. चार दिवसांच्या एकूण त्रेचाळीस मृत्यूंत पहारेकरी विल्यम क्विन आणि कैद्यांनीच मारलेले तीन कैदी हेही आहेत. ते वगळून अ‍ॅटिकाची कथा सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेलेल्या कैद्यांच्या आणि जखमींच्या दाव्याचा निवाडा व्हायला २००० साल उजाडावे लागले.

अ‍ॅटिकाच्या उजेडात जुने चित्रपट पुन्हा पाहिले की एक उणीव ठसठशीतपणे दिसते. अ‍ॅटिकातले बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन होते, पहारेकरी बहुतांशी गोरे. ‘ब्रूट फोर्स’मध्ये कृष्णवर्णीय कैदी गाणी म्हणण्यापुरता आहे. फॉल्समच्या खऱ्या कैद्यांमुळे सीगल यांच्या चौकटीत काळे चेहरे आले, पण मागण्यांची भाषा आणि नेतृत्व गोऱ्यांकडेच राहिले. तुरुंगाची भिंत वर्णाने बांधलेली आहे हे या चित्रपटांना दिसले नाही, किंवा दाखवता आले नाही. सिडने ल्युमेट यांच्या ‘डॉग डे आफ्टरनून’मध्ये (१९७५) बँक लुटायला आलेला अल पचिनो रस्त्यावरच्या गर्दीपुढे अ‍ॅटिकाच्या नावाचा गजर करतो आणि गर्दी त्याच्या बाजूची होते. सुमारे वीस वर्षांत गुन्हेपटाचा प्रेक्षक एवढा बदलला होता.

आपल्याकडचा या कुळातला सर्वांत प्रसिद्ध चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातला खराखुरा प्रयोग: आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिच्या उभारणीत मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाचा मोठा वाटा होता. या प्रयोगाविषयी आणि चित्रपटाविषयी मला आदर आहे. तरी हे नोंदवले पाहिजे की तेथील सहा खुनी काही मागत नाहीत. त्यांना जे मिळते ते आदिनाथ या जेलरच्या थोरवीतून मिळते, त्याच्या डोळ्यांच्या धाकातून मिळते. जेलर संत नसता तर? हा प्रश्न कृपेच्या कथेत बसत नाही. तो हक्काच्या कथेत बसतो. आपण कृपेची कथा लिहिली, आणि तिच्यावर इतके प्रेम केले की दुसरी लिहायची राहून गेली.

आपल्या तुरुंगवाङ्मयाचेही थोडेबहुत असेच झाले आहे. मंडालेत लिहिलेले ‘गीतारहस्य’, अंदमानची ‘माझी जन्मठेप’, नाशिकच्या कारागृहात लिहिलेली ‘श्यामची आई’ हे आपले मानदंड. हे सगळे राजबंदी. त्यांचा ‘अपराध’ हा अपराध नव्हताच, उलट भूषण होते. त्यामुळे शॉशँकची अट येथे आपोआप पुरी होते. स्वातंत्र्यानंतरही ही परंपरा चालू राहिली. प्रभाकर संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत एक पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवायला राज्य सरकारने परवानगी नाकारली, आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले. मराठी पुस्तकामुळे बंद्यांच्या हक्कांचा एक पायाभूत निकाल लागावा, ही आपल्या वर्गांत सांगायलाच हवी अशी गोष्ट आहे. पण तेही राजकीय स्थानबद्धच होते. चोर, दरोडेखोर, खुनी यांच्या हातची लेखणी आपल्या अभ्यासक्रमात कोठे आहे?

ती न्यायालयाच्या दफ्तरात सापडते. सुनील बात्रा हा दिल्लीच्या तिहार तुरुंगातला फाशीची शिक्षा झालेला कैदी. दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने पैशासाठी अमानुष छळल्याचे त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्राने कळवले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले, आणि डिसेंबर १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर जो निकाल दिला तो आजही वाचावा असा आहे. पत्र लिहिणारा निर्दोष होता काय, हा प्रश्न त्या निकालाला पडला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील कामांची जातीनुसार वाटणी घटनाबाह्य ठरवणारा निकाल आला, तो मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. सफाईचे काम कोणी करायचे आणि स्वयंपाकाचे कोणी, हे जातीवरून ठरवणारे नियम तोपर्यंत कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत शिल्लक होते. डनच्या कागदावर हे कलम नव्हते. आपल्याकडच्या कोणत्याही डनला ते पहिले घालावे लागले असते.

तुरुंगवाङ्मयाचा अभ्यासपत्रिकेत समावेश करताना राजबंद्यांच्या आत्मकथनांशेजारी बात्राचे प्रकरण आणि अ‍ॅटिकाच्या मागण्यांची यादी ठेवावी, आणि त्यांच्याबरोबर सीगल यांचा चित्रपट दाखवावा, अशी सूचना मी आमच्या अभ्यासमंडळापुढे मांडणार आहे. गुन्हेपट हा साहित्याच्या वर्गाचा विषय नव्हे, हा आक्षेप येईल. वेळ नाही, हा दुसरा येईल. चित्रपट ऐंशी मिनिटांचा आहे. दोन तासिकांत बसतो.